समीकरण संतुलित आहे का? तपासून देणाऱ्या साधनांचीच तपासणी

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये तिसरं प्रकरण रासायनिक अभिक्रिया व समीकरणांचं आहे. शाळेत ते सुरू झालं की नौपाड्यापासून कोपरखैरण्यापर्यंत क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पालकांचा प्रश्न हमखास येतो: बॅलन्सिंगसाठी कुठलं ॲप टाकू, किट विकत घेऊ का, वेबसाइटचं उत्तर बरोबर असतं का? म्हणून ही साधनं एकाच मापाने तपासून पाहिली. कोलोरॅडो विद्यापीठाचं फुकट सिम्युलेशन ‘फेट’, समीकरण टाकलं की उत्तर देणाऱ्या वेबसाइट, फोटो काढून किंवा चॅट करून उत्तर मागायची ॲप्स, आणि गोळे-काड्यांचा रेणू-किट. शेवटी एक बिनखर्चाचं साधनही आहे, ते स्वयंपाकघरातलं. सूत्रं वर्गात जशी मोठ्याने वाचतो तशीच इथे लिहिली आहेत: एच टू ओ, सी ओ टू.

निकष दोनच ठेवले. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नसतो, तेव्हा साधन बाजूला ठेवल्यावर मुलाला स्वतः तपासता येतं का, हा पहिला. साधन कुठली चूक पकडतं आणि कुठली बिनबोभाट सोडून देतं, हा दुसरा. दुसऱ्या निकषावर बहुतेक साधनं घसरतात, म्हणून लेखाचा बराचसा भाग त्यावरच आहे.

तपासणी म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवून घेऊ. बाणाच्या डाव्या बाजूला अभिक्रियाकारकं, उजवीकडे उत्पादितं. प्रत्येक मूलद्रव्याची एक ओळ करायची, तिच्यात डावीकडचे अणू आणि उजवीकडचे अणू लिहायचे. सगळ्या ओळी जुळल्या तर समीकरण संतुलित. अणू मोजताना सूत्राच्या पुढचा मोठा आकडा, म्हणजे सहगुणक, संपूर्ण सूत्राला गुणतो. अक्षराच्या पायाशी बसलेला छोटा आकडा फक्त त्याच अक्षराला, आणि कंसाच्या पायाशी असेल तर कंसातल्या सगळ्यांना. मुलांची निम्मी गडबड या एका वाक्यात आहे. ॲल्युमिनिअम सल्फेटमध्ये (एएल टू, मग कंसात एसओ फोर आणि कंसाबाहेर ३) ऑक्सिजन किती असं विचारलं की ४ असं उत्तर येतं, कारण कंसाबाहेरचा ३ नजरेतून निसटतो. ते १२ असतात.

कसोटीसाठी निवडलेली समीकरणं मुद्दाम वाकड्या जातीची आहेत. एक तुरटी-चुन्याच्या ओळखीचं, कंसांची परीक्षा घेणारं: १ ॲल्युमिनिअम सल्फेट + ३ कॅल्शिअम हायड्रॉक्साइड → २ ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड + ३ कॅल्शिअम सल्फेट. दोन्हीकडे ऑक्सिजन १८. दुसरं सिलिंडरमधल्या ब्युटेनच्या ज्वलनाचं: २ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी. तिसरं तापलेल्या लोखंडावर वाफ: ३ लोह + ४ पाणी → १ एफई थ्री ओ फोर + ४ हायड्रोजन. बाकीचे सापळे त्या त्या ठिकाणी येतील.

फेटपासून सुरुवात करू, कारण फुकट असूनही चारांत सगळ्यात जास्त विचार त्यात केलेला दिसतो. भौतिकीचं नोबेल २००१ मध्ये मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. आज रसायन, गणित, जीवशास्त्राचीही सिम्युलेशनं त्यात आहेत. रासायनिक समीकरणं संतुलित करण्याचं सिम्युलेशन ब्राउझरमध्येच चालतं, खातं उघडावं लागत नाही, जाहिराती नाहीत. फाइल उतरवून घेतली की नेटशिवायही चालते. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत रबाळे-घणसोलीच्या दरम्यान नेट गेलं तरी अडत नाही. फाइल लॅपटॉपवर उघडणं सोपं, काही फोनवर ती कुठल्या ॲपने उघडायची हे एकदा निवडून द्यावं लागतं. फेटच्या बऱ्याच सिम्युलेशनची मराठी भाषांतरं आहेत, म्हणून उघडण्याआधी भाषांची यादी पाहून घ्या. मराठी न मिळालं तरी पडद्यावर चित्रं आणि आकडेच जास्त, शब्द अगदी थोडे.

सुरुवातीच्या भागात तीन अभिक्रिया दिल्या आहेत: अमोनिया तयार करणं, पाण्याचं विघटन, मिथेनचं ज्वलन. तिसरी ठाण्या-नवी मुंबईच्या मुलांच्या घरातलीच, पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन असतो. प्रत्येक सूत्रापुढचा सहगुणक वर-खाली बाणांनी बदलायचा. आकडा बदलला की डाव्या-उजव्या चौकटीत तेवढे रेणू चित्रात दिसतात. मदतीला दोन साधनं आहेत. एक तराजूंचं, ज्यात प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळा तराजू असतो आणि पारड्यांत त्या मूलद्रव्याचे अणू साचतात. दुसरं स्तंभांचं, दोन बाजूंचे स्तंभ आणि मध्ये बरोबरीचं किंवा नाबरोबरीचं चिन्ह. सगळं जुळलं की हसरा चेहरा येतो.

या रचनेत एक गोष्ट फार शहाणपणाची आहे: पायाशी बसलेल्या छोट्या आकड्याला हातच लावता येत नाही. वहीवर ऑक्सिजन एकाने कमी पडला की मुलं सरळ एच टू ओ चं एच टू ओ टू करून टाकतात. मोजणी जुळते, पण पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. फेटमध्ये ही वाटच बंद आहे. महिनाभर हेच वापरल्यावर ‘सूत्र मोडायचं नाही, पुढचा आकडाच बदलायचा’ ही सवय न सांगता लागते.

तराजू वेगवेगळे ठेवणंही योग्य. सगळ्या अणूंचा मिळून एकच तराजू असता तर एका मूलद्रव्याची तूट दुसऱ्याच्या जादा अणूंनी झाकली गेली असती.

खेळाच्या भागात तीन पातळ्या आहेत. इथे तराजू आणि स्तंभ आधी दिसत नाहीत. आकडे भरायचे, मग तपासा म्हणायचं. चुकलं तर ‘का’ हे विचारायचं बटण येतं आणि तेव्हा तराजू किंवा स्तंभ उघडतो. पहिल्या प्रयत्नाला पूर्ण गुण, दुसऱ्याला कमी, त्यानंतर उत्तर. घड्याळ चालू-बंद करता येतं, बंदच ठेवा. वेळेच्या घाईत मुलं मोजायचं सोडून अंदाज मारू लागतात.

खेळातला सगळ्यात उपयोगी संदेश मात्र वेगळाच आहे. ४ हायड्रोजन + २ ऑक्सिजन → ४ पाणी असं भरलं तर फेट ते सरळ चूक म्हणत नाही. संतुलित आहे याची वेगळी खूण करतो आणि सर्वांत लहान आकड्यांत आणलेलं नाही याची वेगळी. म्हणजे दोन वेगळे प्रश्न वेगळेच राहतात: अणू जुळतात का, आणि गुणोत्तर संक्षिप्त आहे का? शिक्षकांच्या लाल पेनानेही पुष्कळदा ही दोन्ही उत्तरं एकाच फुलीत गुंडाळलेली असतात.

आता उणी बाजू. सुरुवातीच्या भागात हसरा चेहरा लगेच येतो, त्यामुळे बाण दाबत राहायचे आणि चेहरा हसला की थांबायचं, असा उद्योग काही मुलं करतात. डोकं न वापरता तीनही अभिक्रिया सुटतात. इलाज साधा आहे. आधी वहीत मोजणीचा तक्ता आणि आकडे, मग पडद्यावर एकदाच भरायचे. पुढची मर्यादा जास्त मोठी. फेटमध्ये स्वतःचं समीकरण टाकता येत नाही. जी दिली आहेत ती अधातूंच्या साध्या रेणूंची आहेत: अमोनिया, मिथेन, फॉस्फरसची क्लोराइडं या जातीची. धातू नाहीत, क्षार नाहीत, कंस नाहीत. म्हणजे तुरटी-चुन्याचं समीकरण तिथे करता येत नाही, लोखंड-वाफेचंही नाही. दहावीच्या पुस्तकात तर सिल्व्हर नायट्रेट, बेरिअम क्लोराइड, लोखंड-कॉपर सल्फेट यांचीच वर्दळ. पाया घालायला फेट उत्तम, पण पुस्तकाचं पान त्याच्याने भरून निघत नाही. आयनांचा प्रभारही त्यात नाही, पण दहावीपर्यंत त्याची गरज क्वचितच पडते.

समीकरण टाकलं की उत्तर देणाऱ्या वेबसाइट पुष्कळ आहेत आणि आतून बहुतेक एकाच तऱ्हेने चालतात. प्रत्येक पदार्थापुढे एक अज्ञात संख्या, प्रत्येक मूलद्रव्याचं एक बीजगणिती समीकरण, मग ती सगळी एकत्र सोडवायची. ब्युटेनचं १३ असो की लोखंडाचं ३-४-१-४, क्षणात उत्तर येतं, आणि कंसाचंही बरोबर येतं. गणिताच्या बाजूने या साइट भक्कम आहेत. अडचण गणितात नसून विचारण्यात आहे.

पहिली अडचण टाइप करण्याची. मोठं आणि लहान अक्षर काटेकोर हवं. कार्बन मोनॉक्साइड लिहिताना दुसरं अक्षर लहान पडलं की ते कोबाल्ट होतं, आणि साइट कोबाल्टचा हिशेब निमूटपणे करते. ओ च्या जागी शून्य पडणं ही दुसरी नेहमीची चूक. फोनचा कीबोर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो आणि पुढची लहान ठेवतो, म्हणून फोनवर हे जास्त घडतं. उत्तराखाली मूलद्रव्यवार मोजणीचा तक्ता दाखवणारीच साइट निवडा. तक्त्यात न बोलावलेलं मूलद्रव्य दिसलं की टायपिंग चुकलं हे लगेच कळतं. नुसते आकडे देणारी साइट वापरूच नये.

दुसरी अडचण अशी की या साइट तपासत नाहीत, सोडवतात. मुलाने पाण्याच्या समीकरणाला ४-२-४ असं लिहून टाकलं तर अनेक साइट त्याचे आकडे बाजूला सारून नव्याने गणित करतात आणि २-१-२ दाखवतात. मुलाला वाटतं, आपलं चुकलं. खरं तर त्याचे अणू जुळलेले होते, फक्त २ ने भागायचं राहिलं होतं. वेबसाइटचं उत्तर वेगळं दिसलं तर आधी एकच पाहायचं: दोन्ही संचांचं गुणोत्तर सारखं आहे का? सगळे आकडे एकाच पटीत असतील तर चूक संतुलनाची नाही.

तिसरी अडचण सर्वांत घातक, आणि ती दाखवायला सोपी आहे. १ मॅग्नेशिअम + १ ऑक्सिजन रेणू → १ एमजी ओ टू, असं टाकून पाहा. साइट म्हणेल संतुलित. अणू जुळतातच, डावीकडे मॅग्नेशिअम १, ऑक्सिजन २, उजवीकडेही तेच. पण मॅग्नेशिअमची तार हवेत जळून असा पदार्थ होत नाही, मॅग्नेशिअम ऑक्साइड होतं, म्हणजे एमजी ओ, आणि खरं समीकरण २-१-२ आहे. सोडिअम + क्लोरीन → एनए सीएल टू हेही असंच निर्धोक सुटतं. १ सिल्व्हर नायट्रेट + १ सीए सीएल → १ सिल्व्हर क्लोराइड + १ सीए एनओ थ्री, हेसुद्धा. साइटला संयुजा, म्हणजे कुठला अणू कितींशी जोडला जातो ते, कळत नाही, अक्षरं आणि आकडे तेवढे कळतात. म्हणून संतुलन तपासण्याआधीची पायरी, प्रत्येक सूत्र संयुजेला धरून लिहिलं आहे का, ही माणसानेच करायची असते. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, क्लोरीन मुक्त स्थितीत द्विआण्विक, म्हणजे दोन-दोन अणूंच्या रेणूंत, असतात हेही साइट सांगत नाही. १ एन + ३ एच → १ एनएच थ्री असं लिहिलं तरी तिची हरकत नसते.

सूत्र चुकलं की साइट कधी ‘जुळत नाही’ असंही म्हणते, आणि ते उलट चांगलं लक्षण आहे. सोडिअम हायड्रॉक्साइड + सल्फ्युरिक आम्ल → एनए एसओ फोर + पाणी, असं टाकून पाहा. कुठलेही आकडे घातले तरी हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकदम जुळत नाहीत. एनए टू एसओ फोर लिहिलं की लगेच २-१-१-२ येतं. आकडे सापडतच नसतील तर आधी सूत्रांवर संशय घ्यायचा, स्वतःच्या गणितावर नंतर.

अकरावी-बारावीच्या, सीईटीच्या मुलांसाठी आणखी एक कसोटी. पोटॅशिअम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल, त्यातून पोटॅशिअम सल्फेट, मँगनीज सल्फेट, पाणी आणि ऑक्सिजन. बरोबर आकडे २, ५, ३ → १, २, ८, ५. पण २, १, ३ → १, २, ४, ३ हेही अणूंच्या मोजणीत अगदी तंतोतंत जुळतं. ऑक्सिजन दोन्हीकडे २२. आणि २, ३, ३ → १, २, ६, ४ हेही जुळतं. पदार्थ ७ आणि मूलद्रव्यं ५, म्हणजे अज्ञात संख्या ७ आणि समीकरणं ५. एक मोकळीक तर नेहमीच असते, सगळे आकडे दुप्पट-तिप्पट करण्याची. इथे तिच्यावर आणखी एक मोकळीक उरते. या तीन उत्तरांत प्रत्येक पायरीला फरक पडतो तो २ पेरॉक्साइड → २ पाणी + १ ऑक्सिजन एवढाच, म्हणजे पेरॉक्साइडचं स्वतःचं विघटन मध्ये मिसळलं जातं. खरं उत्तर निवडायला इलेक्ट्रॉन मोजावे लागतात. मँगनीज +७ वरून +२ वर येतो, दोन मँगनीजचे १० इलेक्ट्रॉन. पेरॉक्साइडचा एक रेणू ऑक्सिजन होताना २ इलेक्ट्रॉन देतो, म्हणून रेणू ५. हे समीकरण साइटवर टाकल्यावर एकापेक्षा जास्त उत्तरं शक्य असल्याची सूचना आली तर ती साइट प्रामाणिक आहे. एकच उत्तर निर्विकारपणे देणारीवर ऑक्सिडीकरण-क्षपणासाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याच्या अभिक्रियांसाठी, विसंबू नका.

प्रभाराचीही झटपट चाचणी आहे. ॲल्युमिनिअम धातू + कॉपरचा दोन धन आयन → ॲल्युमिनिअमचा तीन धन आयन + कॉपर धातू. अणूंनी पाहिलं तर १-१-१-१ जुळतं, पण डावीकडे प्रभार +२, उजवीकडे +३. बरोबर आकडे २-३-२-३, दोन्हीकडे +६. साइटने १-१-१-१ दिलं तर ती प्रभार वाचतच नाही, किंवा तो कसा टाइप करायचा हे तिने नीट सांगितलेलं नाही.

फोटो काढून उत्तर देणारी ॲप्स आणि चॅटबॉट यांच्याबद्दल थोडक्यातच. छापील पानाचा फोटो बहुधा नीट वाचला जातो. हाताने लिहिलेल्या वहीत पायाशी असलेला छोटा २ आणि पुढचा मोठा २ यांची गल्लत होते. सूत्र वाचताना चूक झाली की पुढची सगळी कसरत वाया. म्हणून ॲपने काय वाचलं ते आधी पाहायचं, उत्तर मग. चॅटबॉटचं भाषेवर प्रभुत्व असतं, मराठीतही छान समजावतो, पण मोजणीचा तक्ता एक सांगतो आणि शेवटचे आकडे दुसरे, असं घडू शकतं. त्याला ‘बॅलन्स कर’ म्हणू नये. मुलाचं स्वतःचं उत्तर द्यावं आणि ‘कुठल्या मूलद्रव्याची ओळ जुळत नाही, एवढंच सांग, आकडे सांगू नकोस’ असं विचारावं. मग तक्ता वहीत हाताने मोजून घ्यावा. तेवढंही करायचं नसेल तर हे साधन दहावीत लांब ठेवलेलंच बरं.

गोळे-काड्यांचा किट हा खर्चाचा पर्याय. ठाण्यात स्टेशनजवळच्या शालेय साहित्याच्या दुकानांत, ऑनलाइन, किंवा प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतो. रंग ठरलेले असतात: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा, गंधक पिवळा. घेताना खोक्यावरची एकूण संख्या पाहून भुलू नका. विद्यार्थ्यांचे बहुतेक किट सेंद्रिय रसायनासाठी बनवलेले असतात, त्यात काळे-पांढरे भरपूर आणि लाल मोजके. समीकरणं संतुलित करायची तर लाल गोळेच आधी संपतात.

हिशेब असा. मिथेन जाळायला कार्बन १, हायड्रोजन ४, ऑक्सिजन ४ आणि ८ काड्या. प्रोपेन जाळायला (१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी) कार्बन ३, हायड्रोजन ८, ऑक्सिजन १० आणि २० काड्या. दुहेरी बंधाला दोन लांब, वाकणाऱ्या काड्या लागतात, म्हणून ५ ऑक्सिजन रेणूंनाच १० लवचिक काड्या, आणि उजवीकडे ३ कार्बन डायऑक्साइडना १२. प्रकाशसंश्लेषण करून दाखवायचं तर कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन १८. किमान १० लाल गोळे आणि १२ लवचिक काड्या नसलेला किट या कामासाठी घेऊ नये. १८ लाल असतील तर वर्गासाठीही पुरतो.

वापरताना नियम एकच, नवा गोळा पेटीतून काढायचा नाही. डावीकडचे रेणू मोडूनच उजवीकडचे बांधायचे. शेवटी गोळा उरला किंवा कमी पडला तर समीकरण संतुलित नाही, इतकी ती उघड तपासणी आहे. प्रोपेनचं समीकरण हातात घेतल्यावर आणखी एक गैरसमज दूर होतो. डावीकडे रेणू ६, उजवीकडे ७, तरी अणू दोन्हीकडे २१. बाणाच्या दोन बाजूंना सहगुणकांची बेरीज सारखी यायला हवी, असं समजणारी मुलं दर वर्गात असतात.

किटच्या मर्यादा: गंधकाच्या गोळ्याला दोनच भोकं असतील तर सल्फर डायऑक्साइड बांधता येत नाही, कार्बन मोनॉक्साइडही नीट बसत नाही. क्षारांचं तर विचारूच नका. तरीही मोजणी हातात यायला किट चांगला, पण फक्त दहावीच्या या प्रकरणासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. अकरावी-बारावीला विज्ञान घ्यायचं पक्कं असेल तरच घ्या, सेंद्रिय रसायनात तो खऱ्या अर्थाने कामाला येतो.

नाहीतर स्वयंपाकघर आहेच. छोट्या वाट्या, मूग, हरभरे, राजमा. मूग म्हणजे हायड्रोजन, हरभरा ऑक्सिजन, राजमा कार्बन. एक वाटी म्हणजे एक रेणू. पाण्याच्या वाटीत २ मूग, १ हरभरा. नियम असा की वाटीतलं कडधान्य कमी-जास्त करायचं नाही, अख्खी वाटीच आणायची किंवा न्यायची. पायाशी बसलेला आकडा बदलायचा नाही, सहगुणक बदलायचा, हे फेटमध्ये कोडने बांधून टाकलं आहे आणि इथे वाटीने. मिथेनला डावीकडे ३ वाट्या, उजवीकडे ३. प्रोपेनला ६ आणि ७. ब्युटेनच्या वाटेला जाऊ नये, १५ आणि १८ वाट्या कुठल्याच घरात मोकळ्या नसतात.

फेट आणि किट दोन्ही जिथे अडतात, त्या क्षारांसाठी वाटीत कडधान्याऐवजी चिठ्ठ्या टाकता येतात. एका चिठ्ठीवर ‘एसओ फोर’, दुसरीवर ‘ओएच’, आणि धातूंच्या वेगळ्या. तुरटी-चुन्याच्या समीकरणात ॲल्युमिनिअम सल्फेटच्या वाटीत २ ॲल्युमिनिअम आणि ३ एसओ फोर, कॅल्शिअम हायड्रॉक्साइडच्या वाटीत १ कॅल्शिअम आणि २ ओएच. मूलक, म्हणजे एसओ फोरसारखा एकत्र राहणारा अणूंचा गट, अख्खा धरून मोजला की ऑक्सिजनचे १८ अणू मोजायची वेळच येत नाही: एसओ फोर ३ आणि ३, ओएच ६ आणि ६, ॲल्युमिनिअम २ आणि २, कॅल्शिअम ३ आणि ३. परीक्षेतही हीच रीत वेगवान आणि कमी चुकीची, वहीतल्या तक्त्यात मूलकाची एक ओळ करायची एवढंच.

मात्र मूलक दोन्ही बाजूंना शाबूत असेल तरच. तांब्यावर विरल नायट्रिक आम्ल घातलं की ३ तांबं + ८ नायट्रिक आम्ल → ३ कॉपर नायट्रेट + २ नायट्रिक ऑक्साइड + ४ पाणी. डावीकडे ‘एनओ थ्री’च्या चिठ्ठ्या ८, उजवीकडे शाबूत फक्त ६. उरलेल्या दोन चिठ्ठ्या फाडून नायट्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे मोजावे लागतात: नायट्रोजन ८ आणि ८, ऑक्सिजन २४ आणि १८ + २ + ४.